हैदराबादेत आखलेला उत्तरेचा बेत

आपल्या सोलापूर-उमरगा-बिदर पट्ट्यातल्या माणसाला हैदराबाद काही परके नाही. कोणाची लेक तिथे दिलेली असते, कोणाचा मुलगा हायटेक सिटीत नोकरीला असतो, कोणाचे दवाखान्याचे काम असते. १९५६ पर्यंत तर बिदर, कलबुर्गी, रायचूर आणि सारा मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. आपल्या कितीतरी घरांतले जुने कागद अजून मराठी, कन्नड आणि उर्दू अशा तीन लिप्यांत सापडतात, ते त्यामुळेच. हैदराबादला गेलेला माणूस चारमिनार पाहतो, सालारजंग पाहतो आणि येताना उस्मानिया बिस्किटांचा पुडा घेऊन येतो. उत्तर ध्रुवाकडच्या आकाशातला प्रकाश पाहायला जाण्याचा बेत मात्र तिथे आखला जाईल, असे कोणाला वाटणार नाही. पण आमच्या मावशींच्या घरी यंदा हाच विषय आहे, आणि मी भूगोलाचा मास्तर असल्यामुळे तो माझ्या गळ्यात आला आहे.

मावशी हैदराबादेत शाळेत शिकवत होत्या. निवृत्त होऊन आता काही वर्षे झाली. माहेर बिदरकडचे, सासर रायचूरचे, संसार हैदराबादेत. त्यामुळे एका वाक्यात तीन भाषा सहज येतात. मुलगा, सून, मुलगी, नातू असे भरले घर आहे. त्यांनी साठवलेल्या पैशांतला काही भाग बाजूला काढला आहे आणि त्यातून त्यांना एकच गोष्ट पाहायची आहे. आपण मराठीत तिला ध्रुवीय प्रकाश म्हणतो, कन्नडात ध्रुवप्रभे म्हणतात. मुलाचे म्हणणे असे की, तो पैसा गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवावा. दोघांचेही बरोबर आहे, म्हणून वाद मिटत नाही.

बंद दाराआडचे ग्रहण

मावशींना हे वेड आताच कुठून लागले, असे सूनबाईंनी विचारले, तेव्हा त्यांनी १९८० सालची गोष्ट सांगितली. त्या वर्षी १६ फेब्रुवारीला खग्रास सूर्यग्रहण झाले. सावलीचा पट्टा अंकोल्याजवळ किनाऱ्यावर चढला आणि हुबळी, रायचूर करत तेलंगणातून ओरिसाकडे गेला. भर दुपारी दोन-अडीच मिनिटे अंधार झाला, तारे दिसले, सूर्याभोवतीचे तेजोवलय दिसले. देशोदेशीचे शास्त्रज्ञ त्यासाठी इकडे आले होते. मावशी तेव्हा नव्या नवरी होत्या, रायचूरला सासरी. घरच्या मोठ्यांनी दारे-खिडक्या लावून घेतल्या, फटींत कापडाचे बोळे कोंबले आणि सगळ्यांना आत बसवले. बाहेर कोंबडे आरवले तेवढे ऐकू आले.

"अंगणात दहा पावले गेले असते तर दिसले असते," मावशी म्हणाल्या. "ते ग्रहण आपल्या दारात आले होते रे. आता हे दारात येत नाही, आपण जायचे. ई सल बिडोदिल्ला."

यानंतर 'जायचे की नाही' हा प्रश्न मी तरी सोडून दिला. उरला तो 'कसे जायचे' हा.

आधी बेगमपेट, मग नॉर्वे

कोणताही आकाशाचा बेत करण्याआधी हैदराबादच्या बेगमपेटेतली निजामिया वेधशाळा आठवावी, असे मी मावशींच्या मुलाला सांगितले. नवाब जफर जंग हे हैदराबादचे एक उमराव. त्यांनी १९०१ च्या सुमारास स्वतःच्या हौसेने इंग्लंडहून पंधरा इंची दुर्बीण आणवली. त्यांच्या निधनानंतर १९०८ साली निजाम सरकारने वेधशाळा ताब्यात घेतली, ती पुढे बेगमपेटेत आली आणि नंतर उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. त्या काळी जगातल्या अनेक वेधशाळांनी मिळून साऱ्या आकाशाचे छायाचित्र घेण्याचे काम वाटून घेतले होते. त्यातला एक पट्टा हैदराबादच्या वाट्याला आला. इथल्या लोकांनी काचेच्या पट्ट्यांवर वर्षानुवर्षे फोटो घेतले, लाखो ताऱ्यांच्या जागा मोजल्या आणि त्यांच्या याद्या छापल्या.

या कामात ढगांशी भांडता येत नसे. पावसाळा आला की थांबायचे, आकाश उघडले की जागायचे. पुढे शहराचा उजेड वाढला तेव्हा वेधशाळेने भांडण न करता शहराबाहेर जपाल-रंगापूर इथे अठ्ठेचाळीस इंची दुर्बीण उभी केली. १९८० चे ते ग्रहण तिथूनही पाहिले गेले. बेगमपेटच्या त्या आवारात आता अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राच्या संशोधनाची संस्था आहे, पण जुन्या वेधशाळेच्या खुणा आहेत. आकाश आपल्या रजेप्रमाणे चालत नाही, आपली रजा आकाशाप्रमाणे काढावी लागते, एवढा धडा तिथून घेतला तरी अर्धे नियोजन झाले.

हा प्रकाश असतो तरी काय?

सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहत असतो. पृथ्वी हे एक मोठे चुंबक आहे. तिच्या चुंबकक्षेत्रामुळे हे कण ध्रुवांभोवतीच्या एका कड्यासारख्या पट्ट्यात वातावरणात उतरतात आणि तिथल्या वायूंवर आदळतात. साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन हिरवा उजळतो, २०० किलोमीटरच्या वरचा लाल. नायट्रोजनमुळे निळी-जांभळी किनार येते.

"मग इथे हैदराबादेत का दिसत नाही?" हा नातवाचा प्रश्न रास्त होता. कारण त्या कड्यापासून आपण फार लांब. हैदराबाद नकाशावर १७ अंश उत्तरेला आहे, पण चुंबकीय ध्रुव कॅनडाच्या बाजूला कललेला असल्यामुळे हैदराबादचे चुंबकीय अक्षांश दहाहूनही कमी भरतात. तरीही सूर्यावरची वादळे इथे कळतात. हबसीगुड्याजवळच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेत १९६४ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होते. आकाशात काही न दिसताही तिथल्या उपकरणांना वादळाची चाहूल लागते.

आपल्या भागात हा प्रकाश कधीच दिसला नाही असेही नाही. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री सूर्यावरच्या प्रचंड वादळामुळे तो थेट मुंबईहून दिसल्याची नोंद आहे. त्याआधी सप्टेंबर १८५९ मधल्या महावादळाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली होती आणि जगभरचे अभ्यासक आजही ती वापरतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय मोजणीचे काम अलिबागला हलवले गेले. अलीकडे १० मे २०२४ च्या रात्री लडाखमधल्या हानले इथून लाल प्रकाशाची छायाचित्रे मिळाली. ती वेधशाळा चालवणारी भारतीय खगोलभौतिकी संस्था आपल्या बेंगळुरूची. पण अशी रात्र कधी येईल ते आधी कळत नाही. बेत करून जायचे तर उत्तरेलाच जावे लागते.

नाताळ की महाशिवरात्र?

मुलाने नाताळच्या सुट्टीतल्या सहलीचे एक पत्रक आणले होते. फोटो इतके हिरवे की डोळे दिपावेत. मी फक्त रात्री मोजल्या. आठ दिवसांच्या सहलीत उत्तरेतल्या रात्री दोन! बाकी सगळे राजधान्यांचे दर्शन आणि खरेदी.

इथे थोडे गणित करू. समजा, एका रात्री आकाश मोकळे मिळण्याची शक्यता निम्मी आहे. दोन रात्री राहिलात तर दोन्ही हुकण्याची शक्यता चारात एक. पाच रात्री राहिलात तर पाचही हुकण्याची शक्यता बत्तिसात एक. प्रत्यक्षात ढग एकदा बसले की दोन-तीन दिवस हलत नाहीत, म्हणून हिशेब इतका सरळ नसतो; आणि म्हणूनच पाच रात्री एकाच गावात न काढता दोन वेगळ्या हवामानाच्या जागी काढाव्यात.

आता महिना. उत्तर नॉर्वेत सप्टेंबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत रात्री पुरेशा काळोख्या असतात. उन्हाळ्यात तिथे मध्यरात्रीही सूर्य मावळत नाही, तेव्हा प्रश्नच नाही. नाताळात ट्रोम्सोसारख्या गावी सूर्य उगवतच नाही. दुपारी थोडा संधिप्रकाश आणि पुन्हा रात्र. तरुणांना त्यात गंमत वाटेल, पण सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला दिवसा बाहेर पडायला उजेड हवा. शिवाय त्या आठवड्यात विमानाचे आणि हॉटेलांचे दर चढे असतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत दिवसाला ऊन मिळते, बर्फ असतो आणि रात्रही लांब असते. शिवाय दिवस-रात्र समान होण्याच्या सुमारास, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, हा प्रकाश जरा जास्त वेळा चेततो, असे अभ्यासकांना आढळले आहे.

चंद्राचे काय? पौर्णिमेलाही जोरदार प्रकाश दिसतो, पण फिका असेल तर चांदण्यात विरघळतो. म्हणून अमावास्येच्या आगेमागे जावे. इथे मावशींनी भिंतीवरचे कॅलेंडर काढले आणि माझे काम सोपे केले. महाशिवरात्र येते माघ वद्य चतुर्दशीला, म्हणजे अमावास्येच्या तोंडावर, आणि तीही फेब्रुवारी-मार्चमध्येच. आपल्याकडे ती जागरणाचीच रात्र. "उपवास आणि जागरण दोन्ही तिकडेच होईल," असे त्या म्हणाल्या आणि बेताचा आठवडा ठरला.

जागा कोणती?

ट्रोम्सो ६९ अंशांच्या वर आहे, त्या प्रकाशाच्या कड्याच्या बरोबर खाली. समुद्रातल्या उबदार प्रवाहामुळे तिथली थंडी सोसण्यासारखी असते. जानेवारीतही सरासरी उणे चार अंशांच्या आसपास. पण समुद्रकाठ म्हणजे ढगही आले. म्हणून तिथले वाटाडे रोज संध्याकाळी हवामान पाहून गाडी काढतात आणि मोकळे आकाश शोधत गरज पडली तर फिनलंडच्या हद्दीपर्यंत जातात.

दुसरी जागा स्वीडनमधले अबिस्को. ते डोंगरांच्या पर्जन्यछायेत आहे. पर्जन्यछाया काय असते हे आपल्या सोलापूरकरांना शिकवायला नको! सह्याद्रीने आपला पाऊस अडवावा तसे तिथले डोंगर समुद्राकडचे ढग अडवतात, म्हणून आकाश अधिक वेळा मोकळे असते. मात्र थंडी कडक, उणे वीसच्या खालीही जाते. ट्रोम्सोहून बसने नार्विक आणि तिथून रेल्वेने अबिस्को असे जाता येते. आमच्या बेतात ट्रोम्सोला तीन रात्री आणि अबिस्कोला तीन रात्री धरल्या आहेत.

शमशाबादहून तिकडे थेट विमान नाही. आखातात किंवा युरोपात विमान बदलून आधी ऑस्लो गाठायचे. तिथे एक रात्र विश्रांती घ्यावी. ती उधळपट्टी नव्हे. त्या दिवशी विमान चुकले किंवा सामान मागे राहिले तर पुढचा बेत कोसळत नाही.

कागदपत्रे, कपडे आणि शिदोरी

नॉर्वे, स्वीडन दोन्ही शेंगेन गटातले देश आहेत, एकच व्हिसा चालतो. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी पाऊल ठेवणार त्याच्याकडे. आमच्या बेतात ऑस्लोची रात्र धरून नॉर्वेचे पारडे जड होते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. शुल्क २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. विमा घेताना गुडघे, साखर, रक्तदाब सगळे खरे लिहावे. न लिहिलेल्या दुखण्याचे पैसे विमा कंपनी देत नाही.

कपड्यांची धास्ती आपण जास्त घेतो. एकच जाड कोट घेण्यापेक्षा तीन थर चांगले: अंगाला घाम शोषून वाळणारा थर, त्यावर लोकर, त्यावर वारा अडवणारे जाकीट. आतून सुती कपडे घालू नयेत, ओले झाले की गारठतात. रात्रीच्या सहलीला नेणारे बरेच जण जाड पोशाख आणि बूट देतात, आधी विचारून घ्यावे. मावशींसाठी सर्वांत महत्त्वाची वस्तू मात्र बुटांवर चढवायचे दातेरी पट्टे. तिथे थंडीपेक्षा निसरड्या बर्फावरून पडण्याची भीती मोठी. मोबाईलची बॅटरी थंडीत भराभर उतरते, तो आतल्या खिशात अंगाशी ठेवावा.

शिदोरीत कडक भाकरी, शेंगाचटणी, भाजलेला रवा, मेतकूट चालेल. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ मात्र भारतातून तिकडे नेता येत नाहीत. तान्ह्या बाळाच्या दूधपावडरीला तेवढी सूट. तूप गेले, पनीर गेले. खव्याच्या मिठाईवरून कस्टममध्ये हुज्जत नको, म्हणून धारवाडचा पेढा आणि बेळगावचा कुंदा परत आल्यावर खायचा ठरला आहे.

न दिसला तर?

हा प्रश्न मावशींच्या मुलाने विचारला आणि तो विचारलाच पाहिजे. एवढा पैसा घालून ढगच दिसले तर?

पहिली गोष्ट, अपेक्षा फोटोंवरून बांधू नये. कॅमेरा काही सेकंद उजेड साठवतो, डोळा साठवत नाही. फिका प्रकाश डोळ्यांना आधी राखाडी ढगाच्या पट्ट्यासारखा दिसतो. तो हलू लागला, पडद्यासारखा लहरला की मग हिरवा रंग कळतो. दुसरी गोष्ट, सूर्याची चढती कळा दर सुमारे अकरा वर्षांनी येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या नासा आणि नोआ या संस्थांनी सूर्य त्या शिखराच्या काळात पोचल्याचे जाहीर केले. शिखर ओसरतानाची काही वर्षेही चांगली असतात, आणि ट्रोम्सोसारख्या कड्याखालच्या जागी सूर्य शांत असतानाही मोकळ्या रात्री काही ना काही दिसते. म्हणून मोबाईलवर आकडा कमी दाखवला तरी झोपून जाऊ नये. आकड्यापेक्षा ढगांचा अंदाज पाहावा आणि साधारण नऊ ते एक जागावे.

तिसरी गोष्ट अशी की, प्रवास नुसता त्या एका दर्शनावर टांगू नये. दिवसा गोठलेला तलाव, नार्विक-अबिस्कोची डोंगरातली रेल्वे, बर्फातले उन्ह हे ढग असले तरी मिळते. पंढरीला गेलेल्या माणसाला गर्दीत कळसाचेच दर्शन झाले तरी वारी फुकट गेली असे तो म्हणत नाही.

राहिला नातवाच्या परीक्षेचा प्रश्न. महाशिवरात्रीचा आठवडा म्हणजे परीक्षेचे दिवस. मुलगा-सून घर सोडू शकत नाहीत. सगळे मिळून जाऊ, अजून दोन-तीन वर्षे थांब, असा मुलाचा शेवटचा आग्रह होता. त्यावर मावशी म्हणाल्या, "त्याची परीक्षा दरवर्षी आहे. माझे गुडघे दरवर्षी नाहीत." मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने अस्थिरोगतज्ज्ञांची वेळ घेतली. डॉक्टरांनी व्यायाम लिहून दिले आणि चालण्याचा सराव सांगितला. प्रवासाला नको म्हटले नाही. शस्त्रक्रिया परतल्यावर करता येईल म्हणाले. मुलगी सोबत जाणार आहे. शस्त्रक्रियेपुरते पैसे बँकेत वेगळे ठेवून उरलेल्यात बेत बसवला आहे, त्यासाठी ऑस्लोतले दोन दिवस आणि खरेदी कापली.

ज्या वाचकांच्या घरी असा कोणी असेल, त्यांना एवढेच सांगणे: पत्रकातले फोटो न पाहता रात्री मोजा, कॅलेंडरात अमावास्या पाहा, विम्यात खरे लिहा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की, त्यांचे काय पाहायचे राहिले आहे. ज्यांना जाणे जमणार नाही त्यांनी मुलांना हैदराबादेत नौबत पहाडावरच्या बिर्ला तारांगणात न्यावे, आणि घरी परतल्यावर एखाद्या अमावास्येला गावाबाहेर शेतात नेऊन आकाश दाखवावे. आपल्याकडच्या शिवारांत अजून काळोख शिल्लक आहे. आणि पुढचे ग्रहण येईल तेव्हा दार लावून बसू नये. डोळ्यांना योग्य चष्मा लावून अंगणात यावे.